बुडालेलीं जहाजें आणि प्रवाळांची वस्ती

जहाज बुडालें म्हणजे त्याची कथा संपली, असें जमिनीवर राहणारीं माणसें समजतात. वर्तमानपत्रांत चार दिवस बातम्या येतात, सरकारी चौकशी होते, मृतांच्या घरीं सुतक पाळलें जातें, आणि पुढें काळाच्या ओघांत जहाजाचें नांवहि मागें पडतें. समुद्रकांठच्या घरांत मात्र हें विस्मरण इतकें सोपें नसतें. १८८८ सालीं मांडवीहून मुंबईस येण्यास निघालेली 'वैतरणा' वादळांत नाहींशी झाली, ती कायमचीच. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ज्यांचें माणूस त्या बोटीवर होतें, त्यांना समुद्र पुन्हां पूर्वीसारखा कधींच दिसला नसेल.

परंतु समुद्राच्या बाजूनें पाहिलें तर बुडाल्या क्षणापासून जहाजाचें एक निराळेंच आयुष्य सुरू होतें. तें कसें वाढतें आणि कशानें खुंटतें, हें समजून घेण्यास 'योंगाला' नांवाच्या एका आगबोटीची हकीकत फार उपयोगी पडते.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य भागांत क्वीन्सलंड हा प्रांत आहे. त्याच्या किनाऱ्यालगतचा समुद्र उष्ण कटिबंधांतला. जगांतील सर्वांत मोठी प्रवाळांची रांग याच समुद्रांत पसरलेली आहे. १९०३ सालीं इंग्लंडमधील न्यूकॅसल येथें बांधलेली योंगाला ही ३५० फूट लांबीची, ३,६६४ टनी आगबोट या किनाऱ्यावर उतारूंची व मालाची ने-आण करीत असे. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील एका लहानशा गांवावरून तिला हें नांव दिलें होतें, आणि तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंत त्याचा अर्थ 'चांगलें पाणी' असा होतो असें सांगतात.

२३ मार्च १९११ रोजीं दुपारीं योंगालानें मॅके बंदर सोडलें. ती दूर जाते न जाते तोंच किनाऱ्यावरील निशाणाच्या ठाण्यास वादळाची तार येऊन पोंचली. पण ती बातमी बोटीला कळवावयाची कशी? बिनतारी संदेशाचें यंत्र बोटीवर अद्याप बसविलेलें नव्हतें. तिच्यासाठीं तें इंग्लंडहून रवाना झालें होतें, आणि वाटेंत होतें. त्या सायंकाळीं डेन्ट बेटावरील दीपगृहाच्या रखवालदारानें तिला उत्तरेकडे जातांना पाहिलें. त्यानंतर ती कोणाच्याहि दृष्टीस पडली नाहीं. कॅप्टन विल्यम नाइट यांच्यासह १२२ माणसें तिच्यावर होतीं. मागाहून कांहीं माल व सामान किनाऱ्यास लागलें, आणि टाउन्सव्हिलजवळ 'मूनशाइन' नांवाच्या शर्यतीच्या घोड्याचें प्रेत वाहून आलें. माणसाचा मात्र एकहि देह हातीं आला नाहीं. चौकशी मंडळानें बोटीच्या बांधणींत वा कप्तानाच्या कर्तबगारींत दोष काढला नाहीं. काय घडलें असावें हें कोणासच सांगतां येत नाहीं, एवढाच त्याच्या निर्णयाचा मथितार्थ होता.

पुढें तीसबत्तीस वर्षें गेलीं. १९४३ सालीं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, सुरुंग शोधणाऱ्या एका नौकेची सांखळी त्या भागांत पाण्याखालीं कशास तरी अडकली. १९४७ सालीं नौदलाच्या 'लॅकलन' या जहाजानें यंत्रांनीं तळाचा शोध घेतला व तेथें एखादी बुडालेली आगबोट असावी असा अंदाज केला. १९५८ सालीं पाणबुडे प्रत्यक्ष खालीं उतरले आणि त्यांनीं एक पोलादी तिजोरी वर आणली. मोठ्या उत्कंठेनें ती उघडण्यांत आली, तों आंत काळा गाळ! दागिना नाहीं, नाणें नाहीं, कागदाचा कपटाहि नाहीं. परंतु तिजोरीवर एका क्रमांकाचा कांहीं भाग शिल्लक होता. इंग्लंडमधील चब या तिजोऱ्या बनविणाऱ्या कंपनीनें आपल्या जुन्या दप्तरावरून १९६१ सालीं निर्णय दिला कीं, ही तिजोरी योंगालासाठींच तयार केलेली होती. पन्नास वर्षांनीं १२२ माणसांच्या मृत्यूचें स्थळ निश्चित झालें.

पण पाणबुड्यांनीं तेथें जें पाहिलें तें मृत्यूचें स्थान वाटावें असें नव्हतें. योंगाला उजव्या कुशीवर कलून पडलेली आहे. तिचा वरचा भाग पाण्याखालीं सुमारें पन्नास फुटांवर आणि तळ सुमारें शंभर फुटांवर आहे. आजूबाजूस मैलोगणती सपाट वाळू पसरली आहे, आणि त्या ओसाड मैदानांत ही एकच टेकडी. तिच्या अंगावर तांबड्या, पिंवळ्या, जांभळ्या मऊ पोवळ्यांचीं झुडपें डोलत असतात. माणसाहून मोठे हेकरू मासे तिच्या सावलींत स्थिर उभे असतात. समुद्रसर्प, कासवें, पंख हलवीत गेल्यासारखीं पाकटें आणि चंदेरी माशांचे थवेच्या थवे तिच्याभोंवतीं फिरत असतात.

हा चमत्कार कसा घडतो, याचें उत्तर साधें आहे. समुद्रांतील असंख्य जीवांना जन्मतः एकच वस्तु हवी असते, आणि ती म्हणजे बसावयास घट्ट जागा. पोवळीं, स्पंज, कालवें, या सर्वांचीं पिल्लें अगदीं सूक्ष्म रूपांत पाण्यावर तरंगत असतात. वाळूवर पडलीं तर वाळू सरकते व तीं गाडलीं जातात. लोखंडाचा पत्रा मात्र सरकत नाहीं. जहाज तळास लागल्यावर थोड्याच दिवसांत त्यावर सूक्ष्म जंतूंचा चिकट थर धरतो. त्यावर शेवाळ येतें, मग खडकाला चिकटून राहणारे शिंपल्यांसारखे जीव येतात, मग स्पंज आणि मऊ पोवळीं. दगडासारखीं कठीण पोवळीं सर्वांच्या शेवटीं येतात, कारण त्यांची वाढ वर्षास फार थोडी असते. एका पिढीचे सांगाडे व कवच्या दुसऱ्या पिढीचा पाया होतात. उभ्या लोखंडी भिंतीवरून प्रवाह वाहूं लागला म्हणजे अन्न आपोआप दाराशीं येतें. भोकाभोकांतून लहान मासे आश्रय घेतात आणि लहानांच्या मागावर मोठे येतात. अशा रीतीनें जेथें कांहीं नव्हतें तेथें गांव वसतें.

या गांवाचा आणि जहाजाचा संबंध दोन्ही बाजूंचा आहे, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लोखंड खाऱ्या पाण्यांत गंजतें, हें कोणीहि सांगेल. परंतु पोवळ्यांचा व चुन्याचा जाड थर अंगावर चढला म्हणजे प्राणवायु लोखंडापर्यंत सहजीं पोंचत नाहीं आणि गंजण्याचा वेग मंदावतो. जहाजानें प्रवाळांना जागा दिली, प्रवाळांनीं जहाजाला कवच दिलें. हें कवच कोणी फोडलें कीं उघड्या पडलेल्या ठिकाणीं लोखंड पुन्हां झपाट्यानें झिजूं लागतें.

आणि कवच फोडणारा आला तो पाणबुड्याच्याच रूपानें. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां या दोघांनीं एक सुटसुटीत श्वसनयंत्र सिद्ध केलें. पाठीवरील नळकांड्यांतील दाबलेली हवा, पाणबुडा ज्या खोलीवर असेल तेथील दाबाला जुळेल अशा बेतानें, श्वासागणिक पुरविणें हें त्याचें कार्य. यापूर्वीं पाणबुड्याच्या डोक्यावर तांब्याचें जड शिरस्त्राण असे आणि त्याचा जीव वरच्या नौकेंतून येणाऱ्या नळीवर टांगलेला असे. नव्या यंत्रानें ती नळी तोडली. पुढें ज्याला स्कूबा म्हणूं लागले तें हेंच साधन. त्यामुळें जो सागरतळ निवडक कसबी लोकांचा होता, तो सुटीवर आलेल्या हौशी स्त्री-पुरुषांसहि मोकळा झाला.

मोकळा झाला म्हणजे निर्धोक झाला असें मात्र नव्हे. पाण्यांत दर तेहतीस फुटांस वातावरणाइतका एक दाब वाढतो. योंगालाच्या तळाशीं, शंभर फुटांवर, शरीरावर चौपट दाब असतो आणि हवाहि चौपट लागते; वर तासभर पुरेल ती हवा तेथें पाव तासांत संपते. त्या दाबाखालीं हवेंतील नत्रवायु रक्तांत व मांसांत मुरतो. पाणबुडा घाईनें वर आला तर, सोड्याच्या बाटलीचें बूच काढतांच बुडबुडे उसळावे त्याप्रमाणें, हा वायु शरीरांतच बुडबुड्यांच्या रूपानें सुटतो आणि सांधे जखडतात, प्रसंगीं अर्धांग होतें किंवा प्राण जातो. म्हणून वर येणें अगदीं सावकाश, आणि शेवटीं पंधरा फुटांवर थोडा वेळ थांबून. वर येतांना श्वास कोंडून धरणें तर फुप्फुस फाडून घेणेंच होय. खोल पाण्यांत हाच नत्रवायु भांग चढावी तशी बुद्धीला गुंगी आणतो, आणि तेथें सर्वांत मोठा धोका हा कीं, गुंगी आलेल्यास आपण पूर्ण शुद्धीवर आहों असेंच वाटत असतें.

परंतु माणसापासून जहाजाला असलेला धोका हाच प्रस्तुत विषयाचा मर्मभाग आहे. प्रथमच्या काळांत योंगालावर उतरणाऱ्यांनीं बश्या, पितळी सामान, हातीं लागेल तें स्मरणचिन्ह म्हणून उचलून नेलें. वरच्या नौकांनीं टाकलेले नांगर पोवळ्यांच्या वस्तींतून खरडत गेले. ज्यांनीं कांहींच उचललें नाहीं, त्यांच्या श्वासांतले बुडबुडेहि निरुपद्रवी नव्हते. बोटीच्या खोल्यांत शिरल्यावर सोडलेली हवा वरच्या पत्र्याखालीं सांचून राहते आणि आंतून गंज वाढविते. याहून गंभीर गोष्ट अशी कीं, त्या खोल्यांत माणसांच्या अस्थि होत्या. ज्या घरांतून १९११ सालीं कोणी आगबोटीवर चढलें आणि परत आलें नाहीं, त्या घराण्यांच्या दृष्टीनें ही जागा म्हणजे स्मशानभूमि. स्मशानांत हौसेनें हिंडून तेथील भांडीं घरीं आणावीं, हें कोणत्या समाजाला रुचेल?

ऑस्ट्रेलियन सरकारनें १९८१ सालीं ऐतिहासिक जहाजांच्या कायद्याखालीं योंगालाला संरक्षण दिलें. तेथें जाण्यास परवाना लागतो. बोटीच्या पोटांत शिरण्यास मनाई आहे, कांहीं उचलण्यास मनाई आहे आणि मासे धरण्यासहि मनाई आहे. नौका बांधण्यासाठीं कायमचे दोर बसविलेले असल्यानें नांगर टाकावा लागत नाहीं. पाणबुड्यानें बाहेरून पोहत जावें, पहावें आणि परत यावें, एवढाच तेथील रिवाज. बोट बुडाल्यास शंभर वर्षें होत आलीं असतां, फेब्रुवारी २०११ मध्यें, 'यासी' नांवाचें प्रचंड वादळ त्या किनाऱ्यावर आलें आणि त्यानें बोटीवरील पुष्कळ पोवळीं ओरबाडून नेलीं. तरीहि पाणबुडे आजहि योंगालाची गणना जगांतील अत्यंत समृद्ध बुडालेल्या जहाजांत करतात. निसर्गाचा घाव भरून निघतो तो अशामुळें, कीं त्या घावावर माणूस रोज नवा घाव घालीत नाहीं.

योंगाला अपघातानें बुडाली. पण बुडालेल्या वस्तूंभोंवतीं मासे जमतात, हें कोळ्यांना फार पूर्वींपासून ठाऊक आहे. केरळच्या दक्षिण किनाऱ्यावरील मासेमार दगड, झाडांचीं खोडें व माडाचे बुंधे समुद्रांत टाकून माशांसाठीं आसरे करीत आले आहेत. हीच कल्पना अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणावर राबविण्यांत आली, आणि तिचे दोन अनुभव फार बोधप्रद आहेत.

पहिला अनुभव १९७२ सालचा. फोर्ट लॉडरडेल या शहरालगतच्या समुद्रांत मोटारींच्या जुन्या टायरांच्या मोळ्या बांधून सोडण्यांत आल्या. टायरांची संख्या वीस लाखांच्या घरांत होती. माशांना घर मिळेल आणि जमिनीवरचा कचराहि जाईल, असा दुहेरी लाभ मनांत धरलेला होता. परंतु रबर हलकें. पोवळीं त्यावर धरलीं नाहींत. बांधलेले बंद तुटले आणि सुटे टायर वादळांत तळावरून गडगडत जाऊन शेजारच्या जिवंत प्रवाळांवर आदळूं लागले. ज्यांना घर द्यावयाचें त्यांचेंच घर मोडलें. पुढें लष्करी पाणबुड्यांच्या साह्यानें ते टायर वर काढण्याचें कष्टाचें व खर्चाचें काम हातीं घ्यावें लागलें. कचरा टाकण्याला उपकाराचें नांव दिल्यानें तो उपकार होत नाहीं, हा त्याचा धडा.

दुसरा अनुभव 'स्पीगल ग्रोव्ह' या ५१० फूट लांबीच्या नौदलाच्या जहाजाचा. की लार्गो येथें तें बुडवून पाणबुड्यांसाठीं व माशांसाठीं नवें स्थान निर्माण करावयाचें होतें. आंतील तेल व विषारी द्रव्यें काढून त्याची साफसफाई करण्यांतच बराच पैसा खर्च झाला. १७ मे २००२ रोजीं ठरलेल्या वेळेपूर्वींच तें कलंडलें आणि उलटें होऊन नाळ पाण्याबाहेर तशीच राहिली. मोठ्या खटाटोपानें तें पुढच्या महिन्यांत कुशीवर आणलें गेलें. माणसांना सरळ उभें करतां आलें नाहीं तें जहाज जुलै २००५ मध्यें 'डेनिस' वादळानें अनायासें उभें केलें! आज त्यावर प्रवाळ आहेत, मासे आहेत, आणि दूरदूरचे पाणबुडेहि तेथें येतात. पण मार्च २००७ मध्यें त्या जहाजाच्या अंतर्भागांत खोल शिरलेल्यांपैकीं तीन पाणबुडे परत आले नाहींत. अंधार, बारीक गाळ आणि सारखे दिसणारे दरवाजे असले म्हणजे बाहेरचा मार्ग हातभर अंतरावर असूनहि सांपडत नाहीं.

शास्त्रज्ञांत याविषयीं एक जुना वाद आहे. कृत्रिम खडकावर दिसणारे मासे तेथें नव्यानें वाढलेले असतात, कीं आजूबाजूचे गोळा झालेले असतात? जर केवळ गोळा झालेले असतील आणि त्यांच्यावर मोकळेपणीं जाळीं पडत असतील, तर तो खडक माशांचें घर नसून सापळा ठरेल. योंगालाभोंवतीं मासेमारीस बंदी आहे, म्हणून तेथें हा प्रश्न बोथट होतो. बंदी नसेल तेथें तो तीव्र होतो. तशांत जाळीं अडकून तुटलीं तर तीं लोखंडावर लोंबकळत राहतात आणि कोणाच्याहि उपयोगी न पडतां वर्षानुवर्षें मासे मारीत राहतात.

हा प्रश्न आतां महाराष्ट्राच्या व गोव्याच्या दाराशीं आला आहे. गोव्याच्या समुद्रांत राष्ट्रीय सागरविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं बुडालेल्या जहाजांचे अवशेष शोधले आहेत. सुंची खडकाजवळ पोर्तुगीज काळांतील तोफा, हस्तिदंत व चिनी मातीचीं भांडीं मिळालीं, तर सेंट जॉर्ज खडकाजवळ बाझल मिशनच्या कारखान्याची छाप व १८६५ हा आंकडा असलेलीं भाजलेल्या मातीचीं कौलें व विटा सांपडल्या. मालवण व तारकर्ली येथें हौशी पाणबुड्यांची गर्दी होऊं लागून बराच काळ लोटला आहे. आणि जानेवारी २०२४ मध्यें नौदलाच्या सेवेंतून निवृत्त झालेली 'गुलदार' ही सैन्य किनाऱ्यावर उतरविणारी नौका सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील निवतीच्या खडकांजवळ तळाशीं बसवून तेथें पाण्याखालचें संग्रहालय व कृत्रिम प्रवाळखडक करण्याची योजना महाराष्ट्र शासनानें २०२५ सालीं हातीं घेतली.

अशा योजनेचें यश नौका बुडविण्याच्या दिवशीं ठरत नसतें. त्या दिवशीं फार तर टाळ्या पडतात. यश ठरतें तें त्यापूर्वीं नौकेंतील तेल, रंग व तारांचीं विषारी आवरणें किती कसोशीनें काढलीं यावर, आणि त्यानंतर वीस वर्षें ती नौका किती जपली यावर. तेथें नांगर पडेल कीं दोर असतील, तिच्या पोटांत कोण शिरूं शकेल, जवळपास जाळें कोणी टाकावें, आणि ज्या कोळ्यांनीं आजवर त्या पाण्यावर पोट भरलें त्यांना या मांडणींत कोणती जागा राहील, हे प्रश्न आधीं सुटले तरच तेथें प्रवाळ वसेल. न सुटले तर तळाशीं गंजकें लोखंड तेवढें उरेल.

योंगालाच्या तिजोरींत गाळाखेरीज कांहीं निघालें नाहीं. त्या बोटीची दौलत तिजोरीबाहेर, तिच्या गंजक्या पत्र्यावर कणाकणानें सांचत होती. ती कोणी वर काढली नाहीं, म्हणूनच आज ती पहावयास मिळते.